बिडी न पिणाऱ्या बाईची फुप्फुसं

आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावाचा. बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र. बाबांनी तो लॅमिनेट करून देवांच्या फोटोंच्या रांगेत लावला आणि त्या दिवसापासून गावात मी डॉक्टर झाले. मी अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते, हे कितीदा सांगितलं. "मंग विज्ञान म्हंजे दुसरं काय असते वं?" असं मलाच विचारून लोक गोळ्यांची पाकिटं पुढे करायचे. कोणाची म्हैस फुगली तरी फोन मला. गावभर माझा सल्ला चालायचा. न चालणारं घर एकच होतं, आमचं.

आणि सल्ल्याची गरज तिथेच होती, कारण मायला खोकला होता.

खोकला म्हणजे बिमारी, असं आमच्याकडे कोणी मानत नव्हतं. तो मायचा होता, जसा तिचा आवाज तिचा होता. पहाटे ती उठायच्या आधी खोकला उठायचा. वावरात तूर डोक्याइतकी वाढली की माय कोणत्या तासात, म्हणजे कोणत्या ओळीत, आहे हे आम्ही खोकल्यावरून ओळखायचो. पाहुण्यांनी विचारलं तर बाबा म्हणायचे, "तिले सवय हाय त्याची." सवय माणसाला लागते की रोगाला, हे विचारायची पद्धत नव्हती.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पुढे. भाजीपाल्याचं वावर: वांगी, मेथी, सांबार, म्हणजे पुण्याकडचे ज्याला कोथिंबीर म्हणतात ते, आणि धुऱ्याला, म्हणजे बांधावर, झेंडू; वरच्या तुकड्यात कपाशी आणि तूर. घरात गॅस होता. सिलिंडरला मायने स्वतः विणलेलं झालरीचं कव्हर घातलं होतं. पाहुणे आले की चहा गॅसवर. बाकी सगळा स्वयंपाक मागच्या टिनाच्या खोलीत चुलीवर. त्या खोलीला दार एक, खिडकी नाही. जळण म्हणून कपाशीच्या पराट्या आणि तुरीच्या तुराट्या, घरच्याच. गॅसवरच्या भाकरीला चव नसते, हा बाबांचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

आता तर अमरावतीबाहेर पडलं की ढाब्याढाब्यावर पाट्या दिसतात, 'चुलीवरची भाकर', 'चुलीवरचं मटन'. माझ्या क्लासचे सर आणि मॅडम रविवारी गाड्या काढून तिथे जातात आणि सोमवारी त्या धुराच्या वासाची तारीफ करतात. माझी माय त्याच तारीफेत रोज दोन वेळा बसत होती. तिच्या खोलीला कोणी पाटी लावली नाही.

माझ्या पगारातून मी तिला पहिल्यांदा कुठे नेलं असेल तर अकोल्याला, छातीच्या डॉक्टरकडे. अमरावतीत डॉक्टर नव्हते असं नाही, पण भावाची सासुरवाडी अकोल्याची आणि त्या लोकांच्या मते अकोल्याच्या त्या डॉक्टरच्या हाताला गुण होता. बाबाही आले. बाई माणसाला परगावी न्यायचं तर सोबत पुरुष पाहिजे, म्हणून.

तिथे एका नळीत फुंकायचं मशीन होतं. ते चालवणारा माणूस ओरडायचा, "जोरात! अजून, अजून, अजून, सोडू नका!" परक्या माणसासमोर एवढी ताकद लावायचा मायच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. आधी ती लाजली, मग तिनं चुलीपुढे बसल्यासारखं मांडी घालता येते का ते पाहिलं, आणि मग फुंकलं. तो माणूस म्हणाला, "मावशी, पद्धत तर एकदम बरोबर आहे तुमची." असणारच. फुंकणीवर सगळा जन्म गेला. पण कागदावर जी रेघ उमटली ती वर चढायच्या आधीच बसली होती.

डॉक्टरांनी ती रेघ पाहिली आणि विचारलं, "किती वर्षं बिडी ओढता?"

बाबांनी खिशातलं बिडीचं बंडल हळूच आणखी खाली दाबलं आणि छाती काढून म्हणाले, "आमच्या घरातली बाई बिडी नाई पेत, साहेब."

"मग चूल?"

"चूल तं सगळ्याच बायाइच्या नशिबी असते."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले.

मग त्यांनी सांगितलं ते मी नीट ऐकलं. श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद झाल्यात, आतले हवेचे फुगे विरत चाललेत, झालेलं नुकसान परत येणार नाही, पण आहे तेवढं टिकवता येईल. रोज पंप घ्यायचा, धूर बंद. आणि शेवटचं वाक्य त्यांनी पेन खाली ठेवून म्हटलं: "घरात सर्दीतापाची साथ आली की इतरांसाठी ती सर्दी असेल. यांच्यासाठी ती सर्दी नसते, हे लक्षात ठेवा. दरवर्षी हिवाळ्याआधी फ्लूची लस द्या."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "लस तं लेकरायले देते न?" म्हणून लस राहिली. धूर बंद करायचा तर भाकरीचं काय, म्हणून धूर राहिला. पंप मात्र आणला. श्वासातून औषध ओढायचा तो छोटा पंप मायने साडीच्या घडीत, ट्रंकेत ठेवला. रोज घेतला तर सवय लागते, हे तिला शेजारणीनं सांगितलं होतं. शेजारीण नववी नापास, मी बी.एस्सी.; शेजारणीचं ऐकलं. माय पंप काढायची ते कोणाचं लग्न असलं की. "चारचौघात खोकलत राह्यनं बरं दिसत नाई," म्हणायची. तिच्या फुप्फुसांना औषध मिळायचं ते लोकांच्या मुहूर्तावर. लग्नसराई संपली की पंप परत ट्रंकेत.

त्या हिवाळ्यात बाबा नात्यातल्या एका लग्नाला अचलपूरला गेले आणि अक्षदांबरोबर ताप घेऊन आले. त्यांच्याकडून तो भावाला गेला, भावाकडून वहिनीला. घर फणफणलं. बाबा लगेच बरे झाले आणि ओट्यावर बसून पहिली बिडी पेटवत सर्वांना सांगू लागले, "मले काय होते? बिडीनं छाती तापून पोलाद झाली." भाऊ जरा जास्त कण्हला, पण उठला. वहिनीही उठली. माय सर्वांत शेवटी आडवी झाली, कारण त्याआधी तिला वेळ नव्हता. एवढ्या तापकऱ्यांना कढी, काढा, गरम पाणी, सगळं चुलीवर तीच करत होती.

मी रोज फोन करायची. आमच्या फोनवर कोणीही बोलत असो, मागे मायचा खोकला असायचाच. एका सकाळी तो नव्हता.

"ताई, खुशखबर हाय," भाऊ म्हणाला. "मायचा खोकला गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हंजे गेला. कालपासून एकदा बी नाई. बाबा म्हणते गुळवेलच्या काढ्यानं मुळापासून उपटला. शेजारचे पाह्याले येऊन राहिले."

"फोन दे तिला."

फोन तिच्याकडे गेला. मी विचारलं, "माय, जेवली का?"

"हा," ती म्हणाली. थांबली. "बरी... हाव."

'जेवली का' हा प्रश्न मायला विचारला की ती वांग्याच्या भाजीपासून सुरू करते. वांगं कोणत्या झाडाचं, कीड कुठे लागली, मंडईत काय झालं, बाबांनी कशी तोंडं वाकडी केली. त्या सगळ्याच्या जागी आज 'हा' होता. मी क्लासला सांगितलं आणि एसटी धरली.

खोकायलाही हवा लागते. आत पुरेशी हवा नसेल तर माणूस खोकणार कशानं? हे काही मोठं ज्ञान नाही, दहावीच्या पुस्तकात डायाफ्रामचं चित्र असतं. पण आमच्या घरात खोकला हे बिमारीचं नाव होतं. नाव पुसलं गेलं म्हणून सगळे खूश होते.

मी पोचले तेव्हा माय खाटेवर बसली होती, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. आडवं होता येत नव्हतं तिला. खांदे वर-खाली होत होते आणि ओठ जांभळट झाले होते. भोवती शेजारच्या दोघी-तिघी बसून तिच्या शांततेचं कौतुक करत होत्या. एक मला म्हणाली, "पाह्य वं, कशी चुपचाप बसली! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या घरी दोन शब्द बोलाले भेटले."

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर माझ्या पर्समध्ये होता. मायच्या बोटाला लावला. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा लावला, तेच. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या बोटाला लावला. सत्त्याण्णव.

"पाह्य," ते म्हणाले. मशीन बरोबर आहे याची खात्री पटली होती त्यांची. स्वतःच्या आकड्यावर ते जरा खूशही झाले, हे मी पाहिलं.

"बाबा, गाडी बोलवा."

"सकाळी पाहू न. आता तं खोकला—"

"गाडी बोलवा!"

मी घरात आवाज चढवला की बाबा भिंतीवरच्या माझ्या कागदाकडे पाहतात. तेव्हाही पाहिलं. गाडी आली.

अमरावतीच्या दवाखान्यात नाकातला नमुना घेतला. फ्लू निघाला. "बस, फ्लूच?" भाऊ म्हणाला. त्याला हायसं वाटलं. डॉक्टर तरुण होत्या, आणि त्यांनीही पहिला प्रश्न विचारला तो बिडीचाच. बाबा या वेळी उत्तर द्यायला पुढे आले नाहीत. मीच सांगितलं, चूल. अकोल्याचा कागद दाखवला. त्यांनी विचारलं, पंप रोज घेत होत्या? मी म्हटलं, लग्नाला जाताना. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. मी काही हसत नव्हते.

बाहेर बाबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "मले एक सांग. ताप मीच आणला. मी दोन दिवसांत उभा. तुही माय बिडी पेत नाई, मी पेतो. मंग थे काहून अशी पडली? हा कोणता न्याय हाय?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. मी पण त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. "बाबा, पाऊस सगळ्या वावरांवर एकच पडतो न? आपल्या वरच्या तुकड्यात जिरून जातो. खालच्या, पाणी साचून चिबडलेल्या तुकड्यात तोच पाऊस मुळं सडवतो. पावसात फरक नाही. मायचं फुप्फुस आधीच चिबडलंय."

"चिबडलं कशानं?"

मी अकोल्याचा कागद उघडून त्यांच्यापुढे धरला. तो न वाचताच ते म्हणाले, "पण बिडीनं माह्यं काही झालं नाई."

"अजून," मी म्हटलं. मला फटकळ म्हणतात ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आला. मायचा धाकटा भाऊ, अचलपूरकडे संत्र्याचा बगीचा, आवाज असा की बोलला की पक्षी उडतात. त्याचा मायवर जीव होता, आणि त्याच्या मते जीव असला की हात सैल पाहिजे. मायच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. भिंतीवर काचेच्या नळीत एक गोळी तरंगत असते. बटण फिरवलं की गोळी वर चढते आणि ऑक्सिजन वाढतो. डॉक्टरांनी मायची गोळी खालच्या खुणांपाशीच ठेवली होती. ऑक्सिमीटर नव्वदच्या आसपास दाखवत होतं.

"एवढुसाच?" मामा म्हणाला. "शेजारच्या पेशंटचा पाह्य, कसा वर हाय. आपल्या बाईले काहून मोजून देऊन राहिले?"

मी औषधं आणायला खाली गेले आणि मामानं बटण फिरवलं, गोळी वर टेकेपर्यंत, बगीच्यात ड्रिपच्या पाण्याचा कॉक सोडावा तसं. मी परत आले तेव्हा तो समाधानानं बसला होता. आकडा छान वाढला होता आणि माय झोपली होती.

"पाह्य भाची," तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे बाहेरपर्यंत ऐकू गेलं, "किती दिवसांनी झोप लागली बिचारीले."

मी तिला हलवलं. डोळे उघडले नाहीत. पुन्हा हलवलं तर काहीतरी पुटपुटली आणि मान टाकली. मी ओरडले. नर्स धावत आली, गोळीकडे पाहिलं, बटण खाली केलं आणि सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोणी हात लावला?"

"मी," मामा म्हणाला. तो खोटं बोलत नाही, तेवढा वेळच नसतो त्याला. "हवा तं फुकट हाय न? कंजुशी काहून करता?"

डॉक्टर आल्या. तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि हवा आत ढकलणारं मशीन लावलं. त्या गडबडीत कोणी मामाशी बोललं नाही. तो पायताण हातात घेऊन दाराबाहेर उभा राहिला. एवढा मोठा माणूस, एकदम उंचीनं कमी वाटायला लागला. तास-दीड तासानं माय हाक मारल्यावर डोळे उघडू लागली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं. असं जुनं दुखणं असलेल्या काही पेशंटचं शरीर कमी ऑक्सिजनवर चालायला शिकलेलं असतं. एकदम भरमसाठ दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, गुंगी येते, श्वासच मंदावतो. म्हणून मोजून.

मामा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे ताण तोडल्यावरचं पयलं पाणी."

डॉक्टरांना कळलं नाही, म्हणून मी सांगितलं. संत्र्याला बहार यावा म्हणून बागायतदार झाडांचं पाणी तोडतो, पानं मलूल होईपर्यंत. याला ताण देणं म्हणतात. ताण संपवताना पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं. एकदम पाट सोडला तर झाड दगावलं नाही तरी बहार गळतो. हे मामा सगळ्या तालुक्याला शिकवतो.

"मंग हे कोणी मले आधी काहून नाई सांगितलं?" मामा म्हणाला. तेव्हापासून तो त्या बटणाचा पहारेकरी झाला. नर्स बटणाला हात लावायला आली तरी विचारायचा, "कोणाले विचारून?"

पुढचे काही दिवस वाईट गेले. मास्क लावला की माय घाबरायची, काढला की आकडा उतरायचा. त्याच फ्लूतून उठलेला भाऊ तिच्या उशाशी बसून वडे खात होता. वहिनी घरी वांगी तोडत होती. बाबा खाली टपरीवर बिडी ओढून परत येत आणि दारातच खाकरत. एकाच घरात, एकाच ताटाभोवती तो विषाणू फिरला. तीन माणसांच्या घरून पाहुण्यासारखा जेवून निघून गेला. मायकडे बिऱ्हाड करून बसला. एका दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आज-उद्यात सुधारणा दिसली नाही तर घशातून नळी घालावी लागेल, आणि अशा फुप्फुसांची नळी काढणं नेहमी सोपं नसतं. मी मान हलवली. शिकलेलं असण्याचा हा एक तोटा आहे, सगळं पहिल्या झटक्यात कळतं.

नळी घालावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायने मास्क बाजूला सारला, एक दम घेतला आणि भावाला विचारलं, "मेथी... तोडली का?" मी जिन्यात जाऊन रडले.

सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी सर्वांना उभं करून सांगितलं. पंप रोज, दोन वेळा. लस दरवर्षी. चूल, गोवऱ्या, बिडी, कोणताही धूर नाही. यांच्या खोलीतही नाही, ओट्यावरही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामानं तर "एकदम बरोबर" म्हणून डॉक्टरांना दाद दिली. आणि गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "बाई, तुह्या श्वासासाठी मी गावच्या मारोतीले रोडगे बोललो हाओ. येत्या शनिवारी फेडून टाकू."

रोडगे म्हणजे आमच्याकडच्या नवसाचं जेवण. कणकेचे जाड गोळे, देवळापुढे मोकळ्यावर गोवऱ्यांचा ढीग पेटवून त्याच्या निखाऱ्यात भाजायचे. सोबत वांग्याची भाजी. गोवऱ्या पेटल्या की धूर अर्ध्या कोसावरून दिसतो. मायचा श्वास परत मिळाला म्हणून देवाचे आभार मानायचे ते असे. बरं, इतरांच्या घरी पुरुष मंडळी रोडगे भाजतात, पण आमच्याकडे ते काम मायचंच होतं. तिच्यासारखे कोणाला जमत नाहीत, असं ठरलं होतं. आणि नवसाचा नियम असा, की ज्याच्यासाठी बोललो तो हजर पाहिजे.

मी हसले. मग हसणं थांबलं. "मामा, आत्ता, या मिनिटाला डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टरनं चुलीचं सांगितलं. हे देवाचं हाय."

"धुराला कळतं का कोण देवाचा ते?"

"तू चूप वं. शिकली म्हणून मारोतीले शिकवते का?"

मायला मी राजापेठेत माझ्या खोलीवर ठेवलं होतं. त्या आठवड्यात तिथे एक बैठक झाली. बाबा म्हणाले, नवस फेडला नाही तर दुखणं उलटतं. भाऊ म्हणाला, मायला दूर बसवू, तोंडाला फडकं बांधू. मामा म्हणाला, मी स्वतः वारा पाहून ढीग रचतो. मी म्हटलं, माय इथून हलणार नाही, न्यायची असेल तर मला उचलून बाजूला ठेवा. बाबांनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं, पण माझ्या खोलीत तो कागद नव्हता. दोन्ही बाजूंनी आवाज वाढत गेले. एवढ्या लोकांत मायला कोणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काय? माय कधी कशाला नाही म्हणालेली कोणी ऐकलं नव्हतं.

"मी नाई येत," माय म्हणाली.

मामाला वाटलं, ती आजारानं बोलते आहे. "अवं बाई, नवस तुह्याच—"

"पोहाले गेलो होतो न लहानपणी, आपण सगळे?" ती हळूहळू बोलत होती, मध्ये थांबत. "तू मले पाण्यात दाबलं होतं, गमतीनं. आठवते? तसं झालं मले दवाखान्यात. दिवसभर. कोणी दाबून ठेवलं, आन् सोडूनच नाई राहिलं." तिनं दम घेतला. "मारोतीले धुपट चालते, भाऊ. मले नाई चालत."

खाली रस्त्यावर क्लास सुटला होता आणि पोरं गाड्यांचे हॉर्न वाजवत होती. बाबा चप्पल घालून गॅलरीत गेले, खिशात हात घातला, आणि तसेच, काही न काढता, आत आले. त्यांची बिडी सुटली असं नाही. पण त्या दिवशी नाही ओढली.

शनिवारी रोडगे झाले. मारोतीला नवस मिळाला आणि मायची हजेरी व्हिडिओ कॉलवर लागली. पुजाऱ्यानं आधी कां-कूं केलं, मग म्हणाला, आजकाल लोक लग्नं लावतात यावर, नवसाला काय? भावानं मोबाईल धरला. पडद्यावर सुरुवातीला नुसता पांढरा धूर, मग धुरातून मामाचा आवाज आणि खोकणं, मग हळूहळू बाबा. धोतर खोचलेलं, हातात लांब चिमटा, निखाऱ्यापुढे उकिडवे बसलेले. भाजायला दुसरं कोणी तयार झालं नव्हतं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि एक रोडगा उलटताना त्यांना दोनदा मागे सरून दम घ्यावा लागला.

"काओ, जमते का?" मायने विचारलं.

"जमते न," बाबा म्हणाले आणि खोकले. डोळे बाहीला पुसले. मग मोबाईलच्या जरा जवळ आले, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "धुपट लय होते वं याचं."

"हाव," माय म्हणाली. "होते."

बाबा पुढे काही बोलणार होते, पण भावानं देवाचं दर्शन दाखवायला मोबाईल फिरवला.

संध्याकाळी भाऊ गाडीवरून डब्यात रोडगे आणि वांग्याची भाजी घेऊन आला. मी मायला आधी पंप दिला, तिनं काही न बोलता घेतला, तोंड धुतलं आणि जेवायला बसली. रोडगा फोडला. वरून काळा, आत कच्चा. तिनं तो कच्चा भाग बोटानं दाबून पाहिला, आणि तरी अख्खा खाल्ला, भाजीत चुरून, सावकाश, दर दोन घासांनी थांबत.

"कसा झाला?" भावानं विचारलं. बाबांनीच विचारायला सांगितलं असणार.

"बाबाले सांग," माय म्हणाली, "गोवऱ्या पेटवल्या का लगेच जवळ बसू नोका म्हणा. दूर उभे राहा. पयले सगळं धुपट जाऊ द्या, मंग जा."